रक्ताचं वेळापत्रक सांभाळणारं प्रथिन

‘एसएस पॅटर्न’ घेऊन जन्मलेलं बाळ पहिले पाच-सहा महिने इतर कुठल्याही बाळासारखंच वाढतं. दूध पितं, बाळसं धरतं, पालथं पडायला शिकतं. घर गडचिरोलीतल्या भामरागडच्या जंगलातलं असो की चंद्रपूरमधल्या माणिकगड पहाडावरच्या जिवतीतलं, आईला काही वावगं जाणवत नाही. मग कधीतरी हातापायांचे पंजे सुजतात. हात लावला की बाळ किंचाळतं. अंग फिकट पडत जातं, डोळ्यांत पिवळी झाक येते, ताप हटत नाही. रक्त तपासलं जातं आणि घरच्यांना पहिल्यांदा कळतं, बाळाला सिकलसेल आहे.

दोष तर गर्भधारणेच्या क्षणापासून होता. आईकडून एक आणि बापाकडून एक, अशी बिघडलेल्या जनुकाची जोडी, म्हणजेच ‘एसएस’, बाळाच्या पेशीपेशीत पहिल्या दिवसापासून आहे. मग हे अर्धं वर्ष आजार गप्प का बसला?

या प्रश्नाचा पहिला धागा १९४८ साली न्यूयॉर्कमधल्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या हाती लागला. ऑक्सिजन काढून घेतला की सिकलसेलच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. नवजात बाळांच्या पेशी मात्र त्यांच्या आयांच्या पेशींइतक्या वाकत नाहीत, असं वॉटसन यांना दिसलं. गर्भात असताना बाळाच्या रक्तात जे वेगळं हिमोग्लोबिन असतं तेच त्याला वाचवत असावं, असा त्यांचा तर्क होता. तो बरोबर निघाला. पुढचे प्रश्न सुटायला मात्र सत्तर वर्षं लागली. हे गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतर बंद कोण करतं? आणि तोवर ते चालू कोण ठेवतं? त्याचा माग काढत संशोधक एका छोट्याशा प्रथिनापर्यंत पोहोचले. आरएनएचा धागा नेमक्या जागी पकडून ठेवणं हे त्याचं काम. नाव लिन-२८ बी. चंद्रपूर-गडचिरोलीच्या माणसाला या नावाशी काय देणंघेणं, असं वाटू शकेल. पण सिकलसेलचा भार वाहणाऱ्या या दोन जिल्ह्यांइतकं ते देणंघेणं महाराष्ट्रात क्वचितच दुसऱ्या कुणाला असेल.

भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ सालची, निलगिरीतल्या आदिवासींची. विदर्भाचं नाव त्यानंतर सहाच वर्षांनी आलं. नागपूरचे आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं. तेव्हा गडचिरोली जिल्हा अस्तित्वातच नव्हता. तो चंद्रपूरमधून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळा झाला. चार वर्षांनी, १९८६ मध्ये, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्यांच्या सुरुवातीच्या संशोधनातच हा आजार ठळकपणे पुढे आला. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी राज्यभरातल्या आदिवासी समाजांची रक्ततपासणी केली. माडिया आणि परधान हे गडचिरोलीकडचे, भिल्ल आणि पावरा हे नंदुरबारकडचे. अशा काही समाजांत सिकलसेल जनुकाचं प्रमाण २० ते ३५ टक्क्यांच्या घरात असल्याचं त्यांच्या नोंदी सांगतात. हा आजार केवळ आदिवासींचा नाही. विदर्भातल्या अनुसूचित जातींमध्ये आणि इतर मागासवर्गीयांमध्येही तो आहे.

इतकं प्रमाण कशामुळे? हिवतापामुळे. एकच बिघडलेलं जनुक असलेल्या माणसाला, म्हणजे ‘एएस’ वाहकाला, फाल्सिपेरम हिवताप जिवावर बेतण्याइतका सहसा होत नाही. अँथनी अ‍ॅलिसन यांनी १९५४ मध्ये आफ्रिकेतल्या अभ्यासातून हे दाखवून दिलं. गडचिरोलीचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग जंगलाखाली आहे आणि राज्यातल्या सर्वाधिक हिवतापग्रस्त जिल्ह्यांत तो आजही मोडतो. शेकडो पिढ्या डासांच्या सावलीत जगलेल्या समाजात हे जनुक टिकून राहिलं ते यामुळे. वाहकाला मिळालेल्या या संरक्षणाची किंमत दोन जनुकं वाट्याला आलेलं लेकरू मोजतं.

जनुकातला बिघाड एका अक्षराचा. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत १४६ अमिनो आम्लं असतात. त्यातल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं, एवढंच. ग्लुटामिक आम्लाला पाणी मानवतं, व्हॅलिनला मानवत नाही. पेशीतला ऑक्सिजन उतरला की हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनवरच्या एका खाचेत जाऊन बसतं, त्याचं व्हॅलिन त्याच्या शेजाऱ्याच्या खाचेत, आणि बघता बघता चौदा पदरांचा ताठर पीळ तयार होतो. असे पीळ पेशीला आतून ताणतात आणि ती वाकडी होते. निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते. ही दहा ते वीस दिवसांत फुटते. त्यातून पंडुरोग आणि कावीळ येते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकल्या की असह्य कळा सुरू होतात.

गर्भातल्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे ‘हिमोग्लोबिन एफ’मध्ये, बीटा साखळीच नसते. तिच्या जागी गॅमा साखळी असते. तिच्या ८७व्या जागेवरचं अमिनो आम्ल वेगळं आहे आणि त्यामुळे तिला त्या पिळात सामील होता येत नाही. नुसती ती बाजूला राहते असं नाही, तर वाढत्या पिळातही खोडा घालते. जन्मावेळी बाळाच्या रक्तात निम्म्याहून बरंच अधिक हिमोग्लोबिन या जातीचं असतं. पुढच्या सहा महिन्यांत ते झपाट्यानं उतरतं आणि निरोगी मोठ्या माणसात एखाद्या टक्क्यावर येऊन थांबतं. अर्ध्या वर्षाच्या त्या शांततेचं कारण हेच.

गावात होणाऱ्या तपासणीतसुद्धा याचा प्रत्यय येतो. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब एका बारीक नळीतल्या द्रावणात टाकतात. द्रावणातलं रसायन पेशी फोडतं आणि ऑक्सिजन शोषून घेतं. पाचेक मिनिटांनी ती नळी काळ्या रेघा आखलेल्या कागदापुढे धरतात. रेघा आरपार स्वच्छ दिसल्या तर बहुधा चिंता नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. ही झाली सोल्युबिलिटी चाचणी. ती ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांत फरक करू शकत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनच्या जाती वेगळ्या करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी करावी लागते. आणि सहा महिन्यांखालच्या बाळावर सोल्युबिलिटी चाचणीचा भरवसा धरता येत नाही, कारण एफ भरपूर असल्यानं द्रावण गढूळ व्हायचंच राहून जातं. जे हिमोग्लोबिन बाळाला राखतं तेच त्याचा आजार तपासनिसापासून लपवतं.

भारतीय रुग्णांची गोष्ट इथून जरा वेगळं वळण घेते. सिकल जनुकाच्या आजूबाजूच्या डीएनएची ठेवण पाहिली तर आफ्रिकेतल्या रुग्णांत ती तीन-चार प्रकारांची आढळते. भारत आणि सौदी अरेबियाचा पूर्व भाग इथं मात्र निराळीच ठेवण दिसते. तिला ‘अरब-इंडियन’ म्हणतात. १९८६ मध्ये कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी, त्यांत ओडिशातले रुग्णही होते, ती जगापुढे मांडली. विदर्भातल्या बहुतांश रुग्णांची ठेवण हीच. तिच्यासोबत गॅमा जनुकाच्या अलीकडे, १५८ अक्षरं आधी, एका अक्षराचा बदल असतो आणि त्या बदलामुळे गॅमा साखळी मोठेपणीही बऱ्यापैकी बनत राहते. आफ्रिकी वंशाच्या रुग्णात एफ सहसा एक आकडी असतं. आपल्याकडच्या रुग्णांत १० ते २५ टक्के सर्रास सापडतं.

यावरून वैद्यकवर्तुळात एक समज रूढ झाला, की भारतातला सिकलसेल सौम्य असतो. या समजानं बरंच नुकसान केलं आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेतले संशोधक यांनी नवजात बाळांची तपासणी करून त्यांचा पाठपुरावा केला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एफ चांगलं असूनही गंभीर आजारी पडणारी मुलं होती. जंतुसंसर्ग, प्लीहा एकाएकी फुगणं, वेदनेचे झटके, सगळं होतं. सरासरीचा आकडा फसवा कसा ठरतो हे मार्टिन स्टाइनबर्ग यांनी २०१४ मध्ये नीट उलगडून सांगितलं आहे. एका रुग्णात एफ २० टक्के आहे म्हणजे प्रत्येक पेशीत २० टक्के आहे असं नव्हे. निम्म्या पेशींत ४० आणि उरलेल्या निम्म्यांत शून्य, असंही असू शकतं. ज्या पेशींत शून्य, त्या वाकणारच. म्हणून खरा प्रश्न किती एफ आहे एवढाच नाही. ते सगळ्या पेशींत का बनत राहत नाही, हाही आहे.

२००८ मध्ये या प्रश्नाचं एक मोठं उत्तर मिळालं. विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांनी बोस्टनमध्ये दाखवलं की बीसीएल-११ ए नावाचं प्रथिन गॅमा जनुक बंद पाडतं. ते हटवलं की एफ वर येतं. सरळ हिशेब असा, की गर्भात बीसीएल-११ ए नसावं आणि जन्मानंतर ते बनू लागावं. गोम पुढेच होती. या प्रथिनाचा संदेश, म्हणजे त्याचा संदेशवाहक आरएनए, नवजात बाळाच्या रक्तपेशी घडवणाऱ्या पेशींतही जवळपास मोठ्या माणसाइतकाच सापडत होता. संदेश हजर, प्रथिन मात्र गायब. म्हणजे जनुकाचं वाचन होत होतं, पण त्यापुढची पायरी कुणीतरी अडवून धरली होती.

शंकरन यांच्याच प्रयोगशाळेत अनिंदिता बसाक आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये अडवणारा शोधून काढला. लिन-२८ बी हे प्रथिन बीसीएल-११ ए च्या संदेशाला थेट चिकटतं. संदेशावरून प्रथिन बनवण्याचं काम रायबोसोमांचं. लिन-२८ बी मुळे ते काम मंदावतं. गर्भात आणि जन्माच्या सुमारास लिन-२८ बी मुबलक असतं, पुढे ते ओसरतं. ते ओसरलं की बीसीएल-११ ए बनू लागतं, गॅमा बंद पडते आणि सिकल बीटा साखळीला रान मोकळं मिळतं.

आता हे प्रथिन आरएनएला धरतं म्हणजे नेमकं काय करतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे.

डीएनए पेशीच्या केंद्रकात जपून ठेवलेला असतो. आरएनए ही त्याच्या एकेका भागाची कामापुरती काढलेली प्रत. ए, यू, जी, सी अशी चार अक्षरं एकामागोमाग ओवलेला एकेरी धागा. तो कधी मोकळा लोंबत नाही. स्वतःवरच दुमडतो, कुठे जोडीनं दांडा बनवतो, कुठे फास. माणसाच्या पेशीत आरएनएला धरणारी दीड हजारांच्या आसपास प्रथिनं आहेत. कुणी धागा कापतं, कुणी वाहून नेतं, कुणी जपतं, कुणी नष्ट करवतं. एवढ्या प्रथिनांनी पकडीच्या तऱ्हा मात्र मोजक्याच वापरल्या आहेत. प्रथिनाच्या लांब साखळीतला जो भाग स्वतंत्रपणे घडी घालून ठरावीक आकार धारण करतो आणि ठरावीक काम करतो, त्याला डोमेन म्हणतात. तेच डोमेन थोड्याफार फरकानं शेकडो प्रथिनांत आढळतं. सर्वाधिक आढळणारं डोमेन आरआरएम, सुमारे ९० अमिनो आम्लांचं. लिन-२८ बी मध्ये मात्र ते नाही. त्याच्याकडे दोन वेगळी डोमेन आहेत, आणि दोन्ही एकाच प्रथिनात असणं ही लिन-२८ कुळाची खासियत.

पहिलं ‘कोल्ड शॉक डोमेन’. याचं नाव जीवाणूंवरून पडलं. ई. कोलाय जीवाणूला ३७ अंशांवरून एकदम १० अंशांवर आणलं की तो सीएसपीए नावाचं प्रथिन भराभर बनवतो. थंडीत आरएनएच्या गाठी घट्ट बसतात; हे ७० अमिनो आम्लांचं प्रथिन त्या सैल ठेवतं. माणसाला थंडीच्या त्या धक्क्याशी कर्तव्य नाही, पण घडी तीच. पाच पट्ट्या एकमेकींना लागून वळतात आणि त्यातून एक ठेंगणा पिंपासारखा आकार बनतो, दोन-तीन नॅनोमीटरचा. त्याच्या एका अंगाला फेनिलअ‍ॅलॅनिन आणि ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लांची सपाट वर्तुळं बाहेर डोकावतात. आरएनएची अक्षरंही सपाट असतात. ती या वर्तुळांवर एकेक करून चपखल टेकतात आणि धाग्याचा फास पिंपाभोवती लपेटला जातो.

दुसरं डोमेन म्हणजे ‘झिंक नकल’, आणि त्या दोन लागोपाठ आहेत. प्रत्येकी जेमतेम पंधरा-वीस अमिनो आम्लं. एवढा छोटा तुकडा स्वतःच्या बळावर घडी धरू शकत नाही. म्हणून तीन सिस्टिन आणि एक हिस्टिडिन मिळून मधोमध जस्ताचा एक अणू धरतात आणि त्याच्या आधारानं सगळा तुकडा उभा राहतो. एचआयव्हीसारखे विषाणू आपला आरएनए गुंडाळून ठेवायला अशीच रचना वापरतात. लिन-२८ च्या या दोन नकल मिळून जी-जी-ए-जी अशी चार अक्षरं ओळखतात.

सुईत दोरा ओवताना एका हातानं दोऱ्याचा लूप सांभाळायचा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत त्याचं टोक धरायचं, तशी ही दुहेरी पकड आहे. पिंप फासाला सांभाळतं, जस्ताची चिमटी थोड्या अंतरावरची चार अक्षरं पकडते. दोन्हींमधला जोड लवचीक असल्यानं धाग्यावरचं अंतर कमीजास्त झालं तरी चालतं. २०११ मध्ये युनसून नाम आणि सहकाऱ्यांनी लिन-२८ आणि आरएनए यांचे एकत्रित स्फटिक बनवून, त्यातून क्ष-किरण पाठवून ही पकड पहिल्यांदा अणूअणूनिशी दाखवली. एका हातानं ओळखण्यापेक्षा दोन हातांनी ओळखणं पक्कं. लाखो धाग्यांच्या गर्दीत हवा तोच धागा सापडतो तो यामुळे.

त्या स्फटिकातला आरएनए बीसीएल-११ ए चा नव्हता. तो होता लेट-७ चा, आणि लिन-२८ ची मूळ कहाणी त्याच्याशी निगडित आहे. मातीत राहणारा, जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा सी. एलेगन्स हा गोलकृमी. त्याची वाढ इतकी ठरीव असते की कोणती पेशी कधी विभागणार हे आधीच सांगता येतं. १९८४ मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि रॉबर्ट होर्विट्झ यांनी वेळापत्रक बिघडलेले कृमी अभ्यासले. काही कृमी बालपणच्या पायऱ्या पुन्हापुन्हा गिरवत बसत. लिन-२८ बिघडलेले कृमी उलट पायरी गाळून पुढे उडी मारत, अकाली मोठे होत. पुढे कळलं, लिन-२८ हे बाळपण टिकवणारं प्रथिन आहे आणि लेट-७ हा अवघ्या बावीसेक अक्षरांचा सूक्ष्म आरएनए मोठेपण आणणारा. लिन-२८ असेपर्यंत लेट-७ पूर्ण तयारच होऊ दिला जात नाही. सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांना २०२४ चं नोबेल मिळालं.

कृमीचं हे प्रथिन माणसात जसंच्या तसं नाही, पण त्याची दोन्ही डोमेनं ओळखू येतील इतकी शाबूत आहेत. माणसात त्याची दोन रूपं, ए आणि बी. २००७ मध्ये जेम्स थॉमसन यांच्या गटानं माणसाच्या त्वचेसारख्या पूर्ण घडलेल्या पेशी पुन्हा मूळपेशींसारख्या बनवल्या तेव्हा वापरलेल्या चार घटकांत लिन-२८ होतं. २००९ मध्ये युरोपातल्या हजारो स्त्रियांच्या जनुकांची तुलना केली तेव्हा मुलीला पहिली पाळी कोणत्या वयात येते याच्याशी लिन-२८ बी चा संबंध दिसला. मग रक्ताचं वेळापत्रकही याच प्रथिनाकडे असावं यात नवल ते काय! बीसीएल-११ ए च्या बाबतीत मात्र लेट-७ च्या मध्यस्थीशिवाय, थेट संदेशालाच चिकटून काम होतं. बसाक यांच्या अभ्यासाचं महत्त्व या बारकाव्यात आहे.

सिद्धांत प्रयोगातही उतरतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जेफ्री मिलर यांच्या गटानं मोठ्या माणसांच्या रक्तनिर्मितीच्या पेशींत लिन-२८ बी मुद्दाम वाढवलं. एफ ३० टक्क्यांच्या वर गेलं. दुसऱ्या वर्षी याच गटानं सिकलसेल असलेल्या मुलांच्या पेशींत लिन-२८ ए वाढवलं. त्या पेशी ऑक्सिजन काढल्यावर कमी वाकल्या.

मग लिन-२८ बी चं औषध का करू नये? कारण जे प्रथिन पेशींना बाळपणात ठेवतं ते त्यांना बेसुमार वाढतही ठेवतं. लहान मुलांचा न्यूरोब्लास्टोमा, यकृताचे काही कर्करोग यांत लिन-२८ बी अवेळी जागं झालेलं सापडतं. म्हणून संशोधक त्याला न छेडता त्याच्या कामाचा परिणाम तेवढा साधू पाहतात. बोस्टनमध्ये सहा रुग्णांच्या मूळपेशींत एक छोटा आरएनए घालून बीसीएल-११ ए चा संदेश दाबण्यात आला. २०२१ मध्ये छापून आलेल्या त्या अहवालात सहाही जणांत एफ टिकून वाढलं होतं. लिन-२८ बी गर्भात जे करतं, ते इथं दुसऱ्या मार्गानं झालं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेनं मंजूर केलेली ‘कॅसजेव्ही’ ही जनुक-उपचार पद्धतीही बीसीएल-११ ए वरच नेम धरते. तिच्यात कॅस-९ नावाचं प्रथिन डीएनए कापतं, पण कुठे कापायचं हे त्यानं पकडून ठेवलेला आरएनएचा तुकडा सांगतो. म्हणजे इथंही काम आरएनए धरणाऱ्या प्रथिनाचंच, फक्त जीवाणूकडून उसनं आणलेलं. किंमत २२ लाख डॉलर, आणि आधी केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करावी लागते. भारतात दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी प्रयोगशाळेनं वेगळ्या जीवाणूतलं कॅस-९ सुधारून स्वतःची पद्धत घडवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये ती ‘बिरसा १०१’ या नावानं जाहीर झाली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे सोपवण्यात आलं. आदिवासी नायकाचं नाव दिलेली ही पद्धत आदिवासी रुग्णाला परवडेल अशा किमतीत आली पाहिजे.

चंद्रपूरकडे आता याच क्षेत्रातली एक राष्ट्रीय संस्था आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं हिमोग्लोबिन-विकारांचं संशोधन, व्यवस्थापन आणि नियंत्रण केंद्र ११ डिसेंबर २०२२ रोजी राष्ट्राला अर्पण झालं. त्यापाठोपाठ १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे तिचं उद्दिष्ट. अशा तपासणीनंतरच्या एचपीएलसीच्या अहवालात ‘एस’च्या शेजारी ‘एफ’ची टक्केवारी छापलेली असते. रुग्णाच्या पुढच्या वाटचालीबद्दल तो आकडा बरंच सांगतो, आणि उपचार लागू पडतोय की नाही हे त्याच आकड्याच्या चढउतारावरून कळतं.

तो आकडा वर नेणारं औषध आजही आहे आणि स्वस्त आहे. हायड्रॉक्सियुरिया. मुळात कर्करोगाचं, अमेरिकेनं १९९८ मध्ये सिकलसेलसाठी मान्य केलं. नागपूरला डॉ. जैन यांनी ६० गंभीर आजारी मुलांवर त्याचा काटेकोर अभ्यास केला, २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. दर किलो वजनामागे रोज १० मिलिग्रॅम, म्हणजे पाश्चात्त्य देशांतल्या मात्रेच्या मानानं थोडकीच मात्रा. तेवढ्यानं मुलांचं एफ वाढलं, वेदनेचे झटके आणि रक्त चढवण्याची वेळ लक्षणीय कमी झाली. आधीच बऱ्यापैकी एफ असलेल्या आपल्या रुग्णांना थोडं औषधही पुरतं, हा अरब-इंडियन ठेवणीचा खरा लाभ.

अट एवढीच, की कॅप्सूल रोज घेतली पाहिजे आणि ठरावीक आठवड्यांनी रक्तातल्या पेशी मोजल्या पाहिजेत, कारण मात्रा जास्त झाली तर पांढऱ्या पेशी उतरतात. गर्भवतीनं ती घेऊ नये. दरवर्षी पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागड तालुक्यातल्या गावांचा संपर्क तुटतो. त्या गावांतल्या रुग्णांच्या हाती जूनपूर्वीच चार महिन्यांचा साठा देणं, आणि पेशी मोजण्याचं छोटं यंत्र नदीच्या पलीकडच्या आरोग्य केंद्रात असणं, ही कामं प्रयोगशाळेतल्या कुठल्याही शोधाइतकीच तातडीची आहेत.